नारळ फोडला की नेट लागतं

आमच्या सरांनी आयुष्यात एकही वेबसाइट बनवली नाही. तरीही वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या आमच्या विभागाचे ते प्रमुख होते, आणि दर वर्षी जुलैत नव्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हे शिक्षण म्हणजे काय ते समजावून सांगायचं काम त्यांच्याकडेच असे. मी त्यांची लॅब असिस्टंट. कॉम्प्युटर पुसणं, टपाल फोडणं, विभागाची पत्रं टाइप करणं आणि सरांची फजिती होऊ न देणं ही माझी कामं. शेवटचं काम नेमणुकीच्या पत्रात नव्हतं, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जायचा.

सर मूळचे टायपिंगवाले. नाशिक रोडला त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. नोटांच्या प्रेसमधल्या आणि रेल्वेतल्या लोकांच्या दोन पिढ्यांना त्यांनी दहा बोटांनी टाइप करायला शिकवलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टायपिंगला येणारी मुलं आटली, मशिनं भंगारात गेली, आणि आमच्या संस्थेच्या सचिवांनी सरांना उचलून इंदिरानगरच्या आमच्या नव्या इमारतीत आणून बसवलं. सचिवांना सगळे दादासाहेब म्हणत. कॉम्प्युटरलाही तोच कीबोर्ड असतो, मग माणूस का बदलायचा, असं दादासाहेब म्हणायचे. सरही तेच म्हणायचे. दादासाहेब हसत म्हणायचे, सर मनापासून.

कागदोपत्री प्रमुख दुसरेच कोणी होते. ते पुण्याला राहत आणि वर्षातून एकदा सहीला येत. सर स्वतः मॅट्रिक. ही गोष्ट ते लपवत नसत, उलट नको तिथे सांगत. पालकांसमोर, तपासणीला आलेल्या माणसांसमोर, एकदा तर वीज मंडळाच्या वायरमनसमोर. 'मी मॅट्रिक आहे, पण माझी बोटं पदवीधर आहेत,' हे त्यांचं आवडतं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. चाळीसाव्यांदा ऐकताना कान बंद करावेसे वाटत.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरून चहाचा चमचा आणला आणि लॅबमधल्या अकराही कीबोर्डांवरची बॅकस्पेसची बटणं उचकटून काढली. टाइपरायटरवर खोडता येत नाही, म्हणून माणूस जपून टाइप करतो, असा त्यांचा सिद्धांत.

'सर, चूक झाली तर?' एका मुलाने विचारलं.

'करायचीच नाही. वेब म्हणजे जाळं. कोळी जाळं विणताना मागे येऊन खोडतो का?'

कोळी काय करतो ते कोणीच नीट पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मुलं गप्प बसली. महिनाभराने कोणालातरी डिलीटच्या बटणाचा शोध लागला. दुसऱ्या दिवशी डिलीटही गेलं. मग एका पठ्ठ्याने माउसने ओळ निवडून वरून टाइप करायची युक्ती काढली, तर सरांनी सगळे माउस गोळा करून कपाटात कुलूपबंद केले. वेब डेव्हलपमेंट शिकायला आलेल्या मुलांनी एक अख्खी सहामाही माउसविना काढली. अशी कीर्ती दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या वाट्याला आलेली माझ्या ऐकण्यात नाही.

तपासण्याची पद्धतही तीच, टायपिंगची. मुलांनी लिहिलेला कोड प्रिंटरवर छापून घ्यायचा आणि लाल पेनाने एकेक अक्षर वाचायचं. पाचच्या वर चुका म्हणजे नापास. पान कॉम्प्युटरवर कसं दिसतं हे पाहायला सर कधी उठले नाहीत. एका मुलाचं पान उघडतच नव्हतं, पण ओळी सरळ आणि मार्जिन सारखं, म्हणून त्याला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. दुसऱ्या एकाने फोटो, रंग, बटणं, सगळं झकास केलेलं. त्याला एकोणीस.

'सर, पण हे चालतंय बघा,' तो काकुळतीला येऊन म्हणाला.

'चालतंय, पण मार्जिन कुठाय?'

त्या मुलाने पुढच्या वर्षी कॉलेज सोडलं आणि कुठल्याशा मोठ्या कंपनीत लागला म्हणे. ही बातमी सरांना मी मुद्दाम सांगितली. ते म्हणाले, 'मार्जिन शिकला असता तर मॅनेजर झाला असता.'

आणखी एक खोड होती. समोरचा बोलत असला की सरांची बोटं टेबलावर चालायची. मला आधी वाटलं चाळा असेल. नंतर कळलं की समोरचा जे बोलतोय ते सर टाइप करताहेत. शब्दन् शब्द, अंगठ्याने जागा सोडत, आणि माणूस बोलता बोलता अडखळला की बोटं हवेत थांबवत. अशा माणसासमोर रजा मागणं किती अवघड असतं ते मलाच माहीत. आपण रचलेलं कारण समोर टाइप होताना पाहावं लागतं.

आता जुलैच्या कार्यक्रमाविषयी. पहिल्या वर्षी सरांनी स्टेजवर कॉम्प्युटर ठेवला, भाड्याने प्रोजेक्टर आणला आणि पालकांना 'प्रत्यक्ष इंटरनेट' दाखवायचं जाहीर केलं. कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला आणि मला खूण केली. नेट तेव्हा फोनच्या लाइनवरून लागायचं. मी नंबर लावला. किर्र आवाज आला, थांबला, पुन्हा आला. फोनची लाइन दादासाहेबांच्या केबिनमधून आलेली होती आणि दादासाहेब केबिनमध्ये फोनवर बोलत होते. वीस मिनिटं दोनशे माणसं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली. सर मध्ये उभे. 'येतंय, येतंय,' म्हणत होते. पुढे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, 'कुठून येतंय?' सगळं सभागृह हसलं. सर खाली मान घालून उभे राहिले, आणि मला त्यांचा राग आला, कारण लोक मलाही हसत होते.

दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. आदल्या आठवड्यात एका सायबर कॅफेत जाऊन आठ-दहा साइटींची पानं उतरवून घेतली, फ्लॉपीवरून आणून स्टेजवरच्या कॉम्प्युटरमध्ये भरली आणि एकातून दुसरं उघडेल असं जोडून ठेवलं. सरांना काही बोलले नाही. नारळ फुटला, मी बटण दाबलं आणि पान झटक्यात उघडलं. मग दुसरं, मग तिसरं. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वर पत्त्याच्या जागी आमच्याच कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हचं नाव ढळढळीत दिसत होतं, पण ते वाचणारं सभागृहात कोणी नव्हतं. सरांनाही ते कळलं नाही.

'पूर्वी तो किर्र आवाज यायचा, आता येत नाही. यालाच प्रगती म्हणतात,' त्यांनी माइकवरून सांगितलं.

त्यानंतर नारळाचं महत्त्व त्यांच्या मनात पक्कं झालं. वर्षभर नेट रडतखडत चालतं आणि कार्यक्रमाच्या दिवशी पळतं, याचा अर्थ त्यांनी त्यांच्या पद्धतीने लावला. पुढे लॅबमध्ये नेट बंद पडलं की ते शिपायाला नारळ आणायला पिटाळत. मी हे घरी येऊन सांगायचे आणि आम्ही सगळे जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसायचो.

त्याच कार्यक्रमात रेल्वेच्या वेळापत्रकाचं पान उघडल्यावर मागून एक गृहस्थ उठले. नाशिक रोड स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत काम करणारे. म्हणाले, 'सर, ही पॅसेंजरची वेळ जुनी आहे. या महिन्यापासून बदलली. आता ती चाळीस मिनिटं आधी येते.'

ते पान मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात उतरवलेलं होतं.

सर पडद्याकडे बघत म्हणाले, 'हे थेट इंटरनेटवरून येतंय. रेल्वेची वेळ चुकली असेल.'

तिकीटवाले गृहस्थ बिचारे खाली बसले. शेजारच्यांनी त्यांच्याकडे अडाणी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मी पुढचं पान उघडलं.

तिसऱ्या वर्षी पदवी आली. तोवर आमचा अभ्यासक्रम संस्थेचा स्वतःचा डिप्लोमा होता. आता तीन वर्षांची विद्यापीठाची पदवी मिळणार, असा मोठा फलक गेटवर लागला. सरांना हे फारच चढलं. नाशिक रोडच्या एका शिंप्याकडून त्यांनी पदवीदानाचा काळा गाऊन शिवून घेतला. शिंप्याने आयुष्यात गाऊन शिवलेला नव्हता. वकिलाच्या कोटावरून त्याने अंदाज बांधला होता, त्यामुळे बाह्या कोपरापर्यंतच आल्या. हा गाऊन नव्या मुलांना दाखवायचा, अशी सरांची योजना.

'घालून दाखवा ना सर,' मी खवचटपणे म्हटलं.

'मला तो अधिकार नाही,' ते म्हणाले, आणि गाऊन हँगरला अडकवून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली.

खरी गोष्ट अशी होती की तो अधिकार देण्याचा अधिकार आम्हालाही नव्हता. मे महिन्यातच विद्यापीठाचं पत्र आलं होतं. टपाल मी फोडायचे, म्हणून पहिलं मीच वाचलं. मान्यतेचा अर्ज यंदापुरता नामंजूर, मान्यता मिळेपर्यंत प्रवेश देऊ नयेत, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते दादासाहेबांकडे नेलं. त्यांनी वाचलं, ड्रॉवर उघडला, आत टाकलं.

'होऊन जाईल गं. मी स्वतः जातोय विद्यापीठात,' ते म्हणाले. 'सरांना बोलू नकोस. भोळसट माणूस, स्टेजवर सांगून मोकळा होईल.' आणि त्याच दमात, 'तुझ्या पर्मनंटचंही यंदा कमिटीपुढे घेतोय.'

मी केबिनमधून बाहेर आले. सर जिन्यात भेटले. हातात भाषणाचा टाइप केलेला कागद होता, अर्थात एकही चूक नसलेला. 'पदवी हा शब्द ठळक करू का?' त्यांनी विचारलं. करा म्हटलं.

त्या वर्षीचा कार्यक्रम सर्वांत झकास झाला. नारळ एका फटक्यात फुटला, पानं फटाफट उघडली. रेल्वेचं पान मी वगळलं होतं. सरांनी हँगर हातात उंच धरला आणि म्हणाले, 'पालकहो, तीन वर्षांनी तुमचं मूल यात उभं राहील.' टाळ्या पडल्या. त्या लांड्या बाह्यांच्या गाऊनला टाळ्या वाजवणाऱ्या लोकांची मला कीव आली, आणि सरांची त्याहून जास्त.

चहाच्या वेळी एक गृहस्थ माझ्यापाशी आले. दिंडोरीच्या पुढचे, फुलं आणि भाजीपाला करणारे. पायजमा, सदरा, हातात मुलीच्या कागदांची फाइल. मुलगी मागे उभी. तिचं नाव सुवर्णा.

'मॅडम, जरा इचारू का?' ते म्हणाले. 'हिचा डी.एड.ला नंबर लागलाय. सरकारी कॉलेजात. उद्या सांजंपर्यंत हजर व्हायचंय, नायतर जागा जाती. आन हिला हे पायजे.'

त्या काळात डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे मास्तरीण झाल्यातच जमा होतं. गावातली मुलगी डी.एड.ला लागली की पेढे वाटायचे.

'सरांना विचारलंत?' मी म्हटलं.

'सर लय मोठं माणूस. त्यांचं बोलणं मला काय समजलं नाय, खोटं कशाला बोलू. तुम्ही रोज हितं असता. तुम्ही सांगा. तुमची बहीण असती तर कुठं घातली असती?'

दादासाहेब चार हातांवर उभे होते. बॅचला तीस मुलं हवी होती आणि एकोणतीस झाली होती. हे सगळं मी आज सांगतेय ते सबब म्हणून नाही. त्यांनी तसं बघितलंही नसेल माझ्याकडे. सुवर्णा मात्र बघत होती.

'इथेच घाला, काका,' मी म्हटलं. 'डिग्री ती डिग्रीच.'

त्यांनी मान डोलावली, फाइल मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, 'झालं मग. मॅडम बोलल्या.'

सुवर्णा हुशार निघाली, आणि सरांच्या त्या विचित्र पद्धतीत तर फारच. बॅकस्पेस नसलेल्या कीबोर्डवर ती पानच्या पान बिनचूक उतरवायची. आधी डोळे मिटून सगळं मनात रचायची आणि मग सलग टाइप करायची. सरांनी तिच्या कोडाचा कागद विभागाच्या फळ्यावर टाचणीने लावला आणि खाली लिहिलं, शून्य चुका. वेबसाइट टाचणीने टोचून ठेवणारा विभाग म्हणून मी शेजारच्या विभागातल्या मैत्रिणींना तो फळा दाखवायला घेऊन यायचे. त्या हसायच्या. सुवर्णाचं पान उघडतंही आणि छान दिसतंही, हे मी त्यांना सांगत नसे.

दिवाळीच्या सुट्टीआधी लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. तिने हळूच विचारलं, 'मॅडम, कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यावर वर सी लिहिलेलं होतं. ते नेटवर नव्हतं ना?'

दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ते वाचलं होतं. मला हसू आलं. 'सरांना सांगू नकोस,' मी म्हटलं. तीही हसली, तोंडावर हात धरून. मग म्हणाली, 'बाकी सगळं खरं हाय ना, मॅडम?'

'हो गं,' मी म्हटलं.

एप्रिल आला. बाकीच्या विभागांचे परीक्षेचे फॉर्म आले, आमचे आले नाहीत. दादासाहेब म्हणत होते, येतील. सरांनी दोन आठवडे वाट बघितली आणि मग कोणालाही न सांगता एकटेच विद्यापीठात गेले. परत आले तेव्हा सरळ दादासाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. आत काय झालं ते मला माहीत नाही. बाहेर आवाज आला नाही. बाहेर येऊन त्यांनी माझ्याकडे मुलांच्या पत्त्यांची यादी मागितली.

'पत्र पाठवू या का सर? मी टाइप करते,' मी म्हटलं.

'पत्र नको. मी तोंडाने सांगितलं होतं, तोंडानेच सांगतो.'

आणि तीस घरी तो माणूस गेला. एस.टी.ने, शेअर रिक्षाने, पायी. नाशिकात, सिन्नरकडे, निफाडकडे. काही ठिकाणी लोकांनी दारातून हाकललं. एकाने म्हणे कॉलर धरली. दुसऱ्या दिवशी सर त्याच शर्टात आले होते, वरचं बटण तुटलेलं. मला तेव्हाही ते नाटकी वाटलं. जे काम दादासाहेबांचं ते आपल्या अंगावर घेऊन हा मॅट्रिक माणूस कोणाला काय सिद्ध करून दाखवतोय, असं मी घरी म्हणालेही.

दिंडोरीकडे सुवर्णाच्या घरी मात्र, मुलीचं प्रकरण म्हणून, मला सोबत चला म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

सुवर्णाच्या वडिलांनी अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सर बसले नाहीत. उभ्यानेच सांगितलं, 'पदवी नाही. कधीच नव्हती. मुलीचं वर्ष वाया गेलं. मी स्टेजवरून तुम्हाला खोटं सांगितलं, त्याची माफी मागायला आलोय.' भाषण नव्हतं, चारच वाक्यं. सुवर्णा दाराच्या चौकटीत उभी होती. तिच्या हातात चहाचा ट्रे होता, तो तिने तसाच खाली ओट्यावर ठेवला.

'आन डी.एड.ची जागा?' वडिलांनी विचारलं.

'ती गेली. यंदा पुन्हा अर्ज करावा लागेल. लागेलच असं नाही.'

वडील सरांना म्हणाले, 'सर, तुम्ही बसा. तुमच्यावर माझा राग नाय. तुमचं त्या दिवशीबी मला समजलं नव्हतं, आन तुम्हालाबी कुणी सांगितलं नसंल. तुमच्याकडं बघूनच कळतंय.' मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'मी तुम्हाला इचारलं होतं, मॅडम.'

चहा कोणीच घेतला नाही.

परतीची बस जवळजवळ रिकामी होती. आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. दिंडोरी मागे पडल्यावर सरांनी विचारलं, 'तुम्हाला माहीत होतं?'

टपाल मीच फोडायचे हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि मी नाही म्हणाले असते तर त्यांनी ते खरं मानलं असतं. त्या माणसाने आजवर माझं सगळंच खरं मानलं होतं.

'हो,' मी म्हटलं. 'मे महिन्यापासून.'

थोड्या वेळाने सर उठले, दांडी धरत धरत पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. नाशिक येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये माझी पर्मनंटची ऑर्डर आली. मी सही करून ती घेतली, आणि जुलैत नव्या मुलांना कोर्सची ओळख करून द्यायला स्टेजवर मी उभी राहिले.